गिअर टाकताना खरखर? दोष सिंक्रोचाच आहे का, आधी तपासा

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लचची खात्री करा. इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणा) नसतो, म्हणून आतले गिअर थांबायला हे पाच सेकंद. तरीही खरखर झाली तर क्लच नीट सुटत नाही. खरखर एकाच गिअरला, विशेषतः तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना होत असेल आणि डबल क्लच केल्यावर (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबल्यावर) थांबत असेल, तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअरला घासून वेग जुळवणारी कडी, झिजली आहे.

तेलही बघा. जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) तेलातली काही रसायनं पितळी रिंगला मारक ठरतात, शिवाय फार निसरड्या तेलात रिंग गिअरच्या कोनला (शंकूच्या आकाराच्या भागाला) पकडतच नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल भरा. कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं.

बॉक्स उघडलाच, तर रिंग गिअरच्या कोनवर दाबून बसवा आणि रिंग व गिअरचे कोनालगतचे छोटे दाते यांच्यामधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजा. नव्या रिंगला ती साधारण १ मिमी असते. मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली गेली की रिंग बाद. रिंगच्या आतल्या बारीक आट्या नखाला टोचल्या पाहिजेत. चकचकीत, सपाट झाल्या असतील तर त्या तेलाचा थर कापत नाहीत, आणि मग रिंग नुसती घसरते.

हब (सिंक्रोचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि स्लीव्ह (त्यावर सरकणारी बाहेरची कडी) सुटे करण्याआधी दोन्हींवर खूण करा, म्हणजे परत तसेच जोडता येतील. गिअरचे हे छोटे दाते बोथट असतील तर फक्त रिंग बदलून उपयोग नाही, गिअर निसटत राहील. नवी रिंग गिअर ऑइलमध्ये बुडवूनच बसवा.