अमेरिकी सैन्यातील मुलामुलींचे नागरिकत्व : नाशिकच्या पालकांनी काय जाणून घ्यावे

देवळाली आणि नाशिकरोडच्या माजी सैनिकांच्या घरी डिस्चार्ज बुक जन्मभर कपाटात जपलेले असते. अमेरिकेच्या सैन्यात गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या कागदांचीही तितकीच काळजी घ्यावी लागते, कारण तिथे गणवेश अंगावर चढल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. त्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. तो न करता सेवेतून बाहेर पडलेल्या आणि पुढे एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर देशाबाहेर पाठवल्या गेलेल्या माजी सैनिकांची उदाहरणे आहेत.

भरतीसाठी सर्वसाधारणपणे ग्रीन कार्ड लागते. ग्रीन कार्ड नसलेल्यांना विशेष कौशल्यावर घेणाऱ्या 'मावनी' योजनेतील नवी भरती २०१६ मध्ये थांबली, म्हणून तिच्या नावाने आजही कोणी आश्वासन देत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत.

कायद्यात दोन वाटा आहेत. शांततेच्या काळात एक वर्षाची सन्मानपूर्वक सेवा आवश्यक असते. परंतु ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ संघर्षकाळ म्हणून घोषित असल्यामुळे त्यातील सैनिकाला वर्षभर थांबावे लागत नाही, आणि इतरांना असलेली पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही त्याला लागू होत नाही. अर्जाचा नमुना एन-४०० हा असून सैनिकाला त्याचे शुल्क माफ आहे. सेवेत असलेल्याने त्यासोबत एन-४२६ हे सेवेचे प्रमाणपत्र वरिष्ठांकडून साक्षांकित करून जोडावे; सेवा संपलेल्याने डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला जोडावा. इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, मुलाखत आणि चारित्र्याची तपासणी मात्र कोणालाही चुकत नाही.

माझ्या मते सर्वाधिक लक्ष नावाकडे द्यावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, आणि लग्नानंतर काही घरांत मुलीचे पहिले नावही बदलते. जन्मदाखला, पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि सैन्याची नोंद यांत नावे वेगवेगळी असतील तर नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी भाषांतरासह आधीच तयार ठेवावा.

पाच वर्षांची सन्मानपूर्वक सेवा पूर्ण होण्याआधीच असन्मानाने सेवामुक्ती झाली, तर सेवेच्या आधारे मिळालेले नागरिकत्व काढूनही घेतले जाऊ शकते, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

अमेरिकी नागरिकत्वाच्या शपथेपूर्वी घरात बसून बोलण्याचा विषय भारताचा आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते, आणि त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे हा गुन्हा ठरतो. परदेशस्थ मराठी कुटुंबे सहसा ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परकीय नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाचा, आधार घेतात. परंतु परकीय सैन्यात सेवेत असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ते मिळत नाही. ही गोष्ट अनेक पालकांना फार उशिरा कळते. त्यामुळे शपथ झाल्यावर पासपोर्ट भारतीय वकिलातीकडे जमा करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि घरच्या लग्नाला किंवा आजारपणात नाशिकला यायचे असेल तर दर वेळी व्हिसासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवावा.