हाडं आत, कवच बाहेर: प्राणी काढण्याआधी

आत सांगाडा आणि बाहेर कवच असा काल्पनिक प्राणी चितारणार असाल, तर तो श्वास कसा घेणार, हे आधी ठरवा. माझ्या मागच्या प्राण्याच्या छातीभोवती अखंड चिलखत होतं. दिसायला झकास, पण बरगड्यांना हलायला तसूभर जागा नाही! म्हणून आधी श्वास, मग शिंगं.

डोकं, कणा, पाय तुम्ही काढालच. मग कवच कशाचं ते बघा. खवले मांजराचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच मालाचे. कौलांसारखे एकावर एक बसलेले, म्हणून ते अंगाची गुंडाळी करू शकतं. आर्माडिलो हा अमेरिकेतला चिलखती सस्तन प्राणी; त्याच्या कातडीतच हाडाच्या चकत्या असतात आणि पट्ट्यांच्या मध्ये मऊ कातडी, म्हणून तो वाकतो.

कासवाचं प्रकरण निराळं. त्याची पाठीची ढाल म्हणजे रुंद झालेल्या बरगड्या आणि मणके एकजीव झालेले. ढाल काढून ठेवून फिरणारं कासव कार्टूनमध्येच भेटतं. खांद्याचं हाड तर बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत! मग श्वास? बरगड्या जाम, त्यामुळे पोटाकडचे स्नायू फुप्फुसांवरचा दाब कमीजास्त करतात. तुमचं कवच अखंड असेल तर असली काहीतरी सोय दाखवा, नाहीतर कवचाला फटी द्या. ‘जादूचा प्राणी आहे’ हे उत्तर नको.

वाढीचंही बघा. हाडाचं कवच अंगाबरोबर वाढतं. खेकड्याला मात्र कात टाकावी लागते आणि नवं कवच टणक होईपर्यंत तो लपून बसतो. आत सांगाडा ठेवून बाहेर खेकड्याचं कवच देणार असाल, तर त्या मऊ दिवसांत त्याला कोण खायला टपलंय ते लिहा. खरी गोष्ट तिथेच सापडेल.

आकार वाढवताना जपून. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, पायाच्या हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. मोठ्या प्राण्याला पाय जाडजूडच लागणार. त्यात तो पळाला की धाप लागणार, म्हणजे छाती फुगायला जागा हवी. परत तेच. हो, परत तेच.

काख, मान, गुडघ्यामागची बाजू मोकळी ठेवा. उष्णता विसरू नका. मगरीच्या पाठीवरच्या हाडाच्या तुकड्यांत रक्तवाहिन्या असतात, ऊन घ्यायला त्या उपयोगी पडतात. अंडी, पिल्लं, पाठीची खाज वगैरे तुमचं तुम्ही बघा. रंग सगळ्यात शेवटी, आणि त्याबद्दल मला विचारू नका.