किटवरून अख्ख्या माल्टवर येताना: कोणती साधनं घ्यावीत, कोणती थांबवावीत

किटमधून बियर करताना अवघड काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. डब्यातला दाट पाक म्हणजे आटवलेला वर्टच, म्हणजे माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतून) उतरलेलं गोड पाणी. आता तो आपल्याला काढायचाय: माल्ट भरडायचं, ६५ ते ६८ अंश सेल्सियसला तासभर पाण्यात मुरवायचं, गोड पाणी गाळायचं आणि हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं. नवं सामान लागतं ते एवढ्यापुरतंच. फर्मेंटर (आंबवायचं भांडं), एअरलॉक (वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणारं बूच), हायड्रोमीटर (वर्टची घनता मोजायची नळी), बाटल्या जुन्याच चालतात.

तीन भांड्यांची चकचकीत मांडणी पाहिली की हात खिशाकडे जातो. तो आवरा. एक मोठं पातेलं आणि एक कापडी पिशवी एवढ्यावर उत्तम बियर होते (माल्ट पिशवीत घालून पातेल्यात मुरवायचं, मग पिशवी उचलून घ्यायची), आणि पुढे काहीही घेतलं तरी हे पातेलं अडगळीत जात नाही.

१. आधी हिशेब, मग पातेलं

फर्मेंटरमध्ये २० लिटर वर्ट हवा असेल तर उलटं मोजत या. तळाच्या गाळात साधारण २ लिटर जातात. तासाभराच्या उकळीत ३ ते ४ लिटर वाफ होते. ५ किलो माल्ट पिशवी पिळूनही साडेतीन लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतं. म्हणजे सुरुवातीलाच २९ लिटर पाणी झालं. त्यात ५ किलो माल्टनं व्यापलेली जागा, अजून साधारण साडेतीन लिटर. ३० लिटरचं पातेलं इथेच ओसंडलं! शिवाय उकळी फुटताना फेस दुधासारखा वर येतो. म्हणून ४० लिटरचंच घ्या.

स्टील की ॲल्युमिनियम, यावर वाद घालत बसू नका, दोन्ही चालतात. मात्र ॲल्युमिनियम तीव्र अल्कलीच्या क्लीनरनं धुऊ नका. खाली तोटी असलेलं मिळालं तर तेच घ्या. २० लिटर उकळता वर्ट उचलून ओतणं हा धोका आहे, त्यात मर्दुमकी काही नाही.

२. आच पुरेल का ते पाहा

३० लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २.८ युनिट ऊर्जा लागते. २००० वॅटच्या शेगडीवर काहीच वाया गेलं नाही तरी जवळपास दीड तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त. घरातल्या गॅसवर पातेलं नुसतं गरम होऊन बसत असेल तर दोनच मार्ग: मोठा बर्नर, किंवा निम्मा घाणा. मी निम्म्या घाण्याच्या बाजूचा आहे. चूक झाली तर निम्मीच वाया जाते. मोठा गॅस बर्नर बंद खोलीत कधीही लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नव्या पातेल्यात पहिल्यांदा नुसतं पाणी तासभर उकळून किती उडालं ते मोजा. पुढचे सगळे हिशेब त्या आकड्यावर बसतात.

३. पिशवी

बारीक जाळीची, उष्णता सोसणारी आणि पातेल्याच्या तोंडावर दुमडता येईल एवढी मोठी. खाली एखादी जाळी ठेवा, नाहीतर तळाला चिकटून जळते. ओला चोथा ९ किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे वर एखादा भक्कम हूक आणि दोरी असली की पाठ वाचते.

४. थर्मामीटर

इथे हात आखडू नका. ६३ अंशांना मुरवलं तर बियर हलकी आणि कोरडी होते, ७० ला भरीव आणि किंचित गोडसर. तीन-चार अंश चुकीचं दाखवणारा थर्मामीटर चवच बदलून टाकतो. बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून शून्य दाखवतो का, ते घेतल्या दिवशीच पाहा. तासभर तापमान टिकवायला आच बंद करून पातेल्याभोवती जाड गोधडी पुरते.

५. थंड करणं

तांब्याच्या नळीचं वेटोळं सोपं पडतं. उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी ते वर्टमध्ये सोडलं की आपोआप निर्जंतुक होतं. पण नळाच्या पाण्यापेक्षा थंड ते कधीच करणार नाही. नळाला कोमट पाणी येत असेल तर खर्च थांबवा. उकळतं द्रव सोसणाऱ्या, खाद्यपदार्थांसाठीच्या कॅनमध्ये गरम वर्ट काठोकाठ भरा, झाकण लावा, रात्रभर निवू द्या. हॉप्सचा कडवटपणा जरा वाढतो, तेवढे हॉप्स शेवटच्या टप्प्यात कमी करा.

६. गिरणी सगळ्यात शेवटी

सुरुवातीला माल्ट भरडूनच मागवा. मिक्सरमध्ये त्याचं पीठ होतं आणि गाळताना चिखल. महिन्याला दोन घाणे व्हायला लागले की दोन रोलरची गिरणी घ्या आणि फट साधारण १ मिलिमीटर ठेवा: दाणा फुटायला हवा, टरफल अख्खं राहायला हवं.