विहिरीच्या पाण्याचा बी.एस्सी. प्रोजेक्ट : या चुका टाळा

रसायनशास्त्र विभागातलं जुन्या प्रोजेक्टांचं कपाट उघडा. स्पायरल बाइंडिंगचे रिपोर्ट एकावर एक रचलेले असतात आणि त्यांत विहिरीच्या पाण्याच्या कठीणपणावरचे (म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांवरचे) दोन-चार तरी हमखास निघतात. गावं तीच, पद्धतही तीच. तरी पाच वर्षांपूर्वीचा आकडा यंदाच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही, कारण नेमकी कुठली विहीर आणि कुठला महिना हेच लिहिलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते. मे महिन्यातलं तळाला गेलेलं पाणी आणि पावसाळ्यानंतरचं भरलेल्या विहिरीचं पाणी एकाच तक्त्यात कसं बसणार? तारीख, विहिरीतली पाण्याची पातळी आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश वहीत लिहायला दोन मिनिटं लागतात.

म्हणून विषय ठरवताना आधी जुने रिपोर्ट वाचा. ‘तालुक्यातील पाण्याची गुणवत्ता’ असा अवाढव्य विषय घेऊ नका. आधी तपासलेल्या चार विहिरी पुन्हा तपासल्या तरी काम भक्कम होतं.

नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा. पीएच विहिरीवरच मोजा. कठीणपणाचा नमुना टिकावा म्हणून त्यात नायट्रिक ॲसिड घालतात, ते बरोबरच आहे. पण मग त्याच बाटलीतून नायट्रेट मोजायचं नाही! आपणच घातलेलं नायट्रेट आपण मोजत बसतो. त्यासाठी वेगळी बाटली घ्या आणि ती थंड ठेवा.

आता खरी डोकेदुखी, ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरणारं ईडीटीएचं द्रावण ब्युरेटमधून (खुणांच्या उभ्या नळीतून) थेंबथेंब सोडून कठीणपणा मोजणं. ‘सर, एन्ड पॉइंटच येत नाही,’ ही तक्रार दरवर्षी असते. टायट्रेशन संपलं की नमुन्याचा रंग वाइन रेडचा स्वच्छ निळा व्हायला हवा, पण मध्येच जांभळा रंग रेंगाळतो. पहिला संशय बफरवर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणावर घ्या. अमोनिया बफरची बाटली सारखी उघडी राहिली की अमोनिया उडून जातो, पीएच १० राहत नाही आणि रंगबदल बोथट होतो. दुसरा संशय इंडिकेटरवर, म्हणजे रंग बदलून दाखवणाऱ्या रसायनावर. इरिओक्रोम ब्लॅक टीचं द्रावण फार दिवस टिकत नाही. कोरड्या मिठात, म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइडमध्ये, खलून ठेवलेली पूड जास्त भरवशाची. नमुन्यात तांबं किंवा लोह असेल तर इंडिकेटर त्यांना धरून बसतो आणि सोडत नाही. पाण्यात मॅग्नेशियम अगदीच नसेल तरी रंग नीट पालटत नाही. बफर घातल्यावर रेंगाळू नका, पाच मिनिटांत टायट्रेशन संपवा. नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो आणि रीडिंग कमी येतं.

बाटलीवर ०.०१ मोलर लिहिलंय म्हणून ईडीटीए तेवढ्याच ताकदीचं आहे असं धरून चालू नका. प्रमाणित कॅल्शियम द्रावणाशी स्टँडर्डायझेशन करा, म्हणजे त्याची खरी ताकद ठरवा, आणि नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन ब्लँक टायट्रेशनही करा.

सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) जुळावं म्हणून न जुळलेलं रीडिंग खोडणं ही मला न पटणारी सवय आहे. एका रेघेने काटा, खालचा आकडा दिसू द्या आणि शेजारी कारण लिहा. पुढच्या बॅचला त्या कारणाचा तुमच्या निष्कर्षाइतकाच उपयोग होईल. सुट्या कागदावर रीडिंग घेऊन नंतर वहीत उतरवायचं तर मुळीच नाही.

आकडेमोडीत दशांशांचा मोह आवरा. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगतात, आणि ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. नमुना ५० मिली आणि ब्युरेट रीडिंग १५.२ मिली असेल तर कठीणपणा लिटरला ३०४ मिलिग्रॅम. ब्युरेटवरची सगळ्यात बारीक खूण ०.१ मिलीची. तेवढ्यानेच उत्तर २ मिलिग्रॅमने हलतं. मग ३०४.१२६ लिहिण्यात अर्थ नाही, आणि ३०४ व ३०६ आलेल्या दोन विहिरींत ‘फरक आढळला’ असंही म्हणता येत नाही.

निष्कर्षात ‘हे पाणी पिण्यास अयोग्य’ असं घाईने लिहू नका. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. ज्या काकांनी आपल्या विहिरीवर बाटली भरू दिली, ते आकडा विचारणारच. त्यांना दोन्ही मर्यादा सांगा, आणि जंतूंची तपासणी आपण केलेली नाही हेही सांगा.