लग्नाआधी मित्रांसोबत जुनी पणजी

दिवस हळदीच्या आदला धरू नका. हळद लागली की नवऱ्या मुलाला घराबाहेर सोडत नाहीत आणि आदल्या दिवशी पाहुणे, सामान, फोन यांतच जीव जातो. लग्नाच्या सात-आठ दिवस आधीचा, आठवड्यातला कामाचा वार घ्या. शनिवार-रविवारी संध्याकाळी मांडवीकाठच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या हलत नाहीत.

माणसं सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की एका टेबलावर मावत नाहीत, अन् मग दोन कंपू पडतात.

सकाळी आठच्या आत जुन्या कॅफेत पोचा. पातळ भाजी, पाव, मिरची भजी, चहा. उशीर केलात तर गरम पाव मिळेलच असं नाही. मग मांडवीपलीकडच्या बेतीची फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, म्हणून गाड्या पणजीतच ठेवा. पलीकडे उतरू नका म्हटलं तरी चालेल, कठड्याला टेकून गप्पा मारायच्या तर तेवढं पाणी पुरतं. दुपार घरी झोपून काढा.

सूर्य कलल्यावर मिरामार. किनाऱ्यावर बाटली उघडू नका, दंड होतो. लग्न मार्च-एप्रिलमध्ये असेल तर हुर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू) आधी कुणाच्या तरी बाल्कनीत: लिंबू सोडा, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. फेणीपेक्षा सौम्य लागते, म्हणूनच ग्लास मोजले जात नाहीत, दोनवर थांबा. गाडी चालवणारा न पिणाराच हवा, हे सकाळीच ठरवा.

शेवट गाड्यावरच्या रस ऑम्लेटने, म्हणजे मसालेदार रस्सा घातलेल्या ऑम्लेटने. नवऱ्या मुलाला पैसे देऊ देऊ नका.