स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आधी पेनड्राइव्ह, मग खरेदी

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप कंपन्या मोडीत काढतात आणि ते मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांमध्ये सेकंडहँड म्हणून विकले जातात. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, तर विद्यार्थ्याला किंवा लहान कार्यालयाला ते पुढची काही वर्षे व्यवस्थित वापरता येते. मात्र बहुतेक जण लॅपटॉप घरी आणल्यावर लिनक्सचा विचार करतात, आणि हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. लिनक्सचा पेनड्राइव्ह आधी तयार करावा, तो खिशात घालून दुकानात जावे आणि पैसे देण्यापूर्वी लॅपटॉप त्यावरून चालवून पाहावा.

लिनक्सचे कितीतरी प्रकार उपलब्ध आहेत, पण नवख्याने त्या चर्चेत अडकू नये. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडावी. ती हलकी आहे, तिची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला परकी वाटत नाही आणि नेहमीच्या कामांसाठी काळ्या खिडकीत आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम चालते, असे निर्माते सांगतात. पण आजची संकेतस्थळे पाहता ४ जीबीपेक्षा कमी रॅमचा लॅपटॉप घेऊ नये आणि शक्य असल्यास ८ जीबीचाच घ्यावा. मेमरी खाण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा ब्राउझरच अधिक करतो.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (बसवणीसाठी लागणारे सगळे एकत्र असलेली फाइल) उतरवून घ्यावी. फाइल अखंड उतरली का, हे तेथेच दिलेल्या एसएचए-२५६ या पडताळणी-आकड्याशी ताडून पाहावे. विंडोजवर सेव्हन-झिप असेल, तर फाइलवर उजवी टिचकी देऊन हा आकडा काढता येतो. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तरच फाइल वापरावी. त्यानंतर रूफस या मोफत प्रोग्रामने ती किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचा जुना मजकूर या क्रियेत पुसला जातो.

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरले की लॅमिंग्टन रोड जवळच आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, शिवाय गर्दीच्या वेळी दुकानदाराला थांबायला सवड नसते, म्हणून कामाच्या दिवशी दुकाने उघडताच जाणे चांगले. ‘पेनड्राइव्हवरून बूट करून (म्हणजे यंत्र सुरू करून) बघतो, आतले काहीही पुसणार नाही’ असे आधीच स्पष्ट सांगावे. लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोवो आणि एसरच्या यंत्रांवर बहुधा एफ१२, एचपीच्या यंत्रांवर एफ९ आणि असूसच्या यंत्रांवर एस्केप दाबल्यास बूटची यादी दिसते. त्या यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. येथे बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पासवर्ड विचारला गेला आणि दुकानदाराला तो काढून देता आला नाही, तर ते यंत्र घेऊ नये. अ‍ॅटम प्रोसेसरच्या २०१४-१५ च्या सुमाराच्या काही छोट्या लॅपटॉपांमध्ये ३२-बिट यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) असते. त्यांना असा पेनड्राइव्ह बहुधा दिसत नाही. त्यांच्याही नादी लागू नये.

मिंटचा डेस्कटॉप समोर आला की खरी तपासणी सुरू होते, आणि तिला अर्धा तास सहज द्यावा. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून वायफाय जोडावे. काही रिअलटेक आणि ब्रॉडकॉम चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो, हे येथेच लक्षात येते. एखादे गाणे लावून आवाज ऐकावा, माइक आणि कॅमेरा तपासावा, प्रकाश कमी-जास्त करण्याच्या कळा दाबून पाहाव्यात. झाकण मिटून मिनिटभराने उघडावे, कारण झोपलेले यंत्र नीट जागे न होणे हा स्वस्त लॅपटॉपवरचा सर्वांत चिवट दोष आहे आणि तो नंतर दुरुस्त करण्यात फार वेळ जातो. मग मेनूतून ‘डिस्क्स’ उघडून हार्ड डिस्कचा ‘स्मार्ट’ हा प्रकृती-अहवाल पाहावा. त्यात रीअलोकेटेड सेक्टरच्या (खराब झाल्याने बदललेल्या भागांच्या) ओळीत शून्याऐवजी मोठा आकडा असेल, तर ती डिस्क भरवशाची नाही. पॉवर मॅनेजरमध्ये बॅटरीचे दोन आकडे दिसतात: मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता. मूळ ४८ वॅट-तासांपैकी २० उरले असतील, तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवावा. हे दोन आकडे विक्रेत्याला दाखवले की घासाघीस मुद्द्याची होते.

फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल, तर त्याच रस्त्यावरून अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेऊन ती बसवून घ्यावी. जुन्या यंत्राचा वेग वाढवणारा याहून मोठा उपाय नाही. नव्या कोऱ्या पण अगदी स्वस्त लॅपटॉपांत मात्र बहुधा बोर्डावरच जोडलेली ६४ जीबीची ईएमएमसी ही साठवण-चिप असते, ती बदलता येत नाही. अशा यंत्रावर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवण्याचा अट्टाहास करू नये, दोन्ही गुदमरतात.

विंडोज पुसण्यापूर्वी आपल्या कामांची यादी एकदा प्रामाणिकपणे करावी. टॅलीसारखे विंडोजवरच अवलंबून असलेले काम असेल, किंवा परीक्षेसाठी सेफ एक्झाम ब्राउझर लागत असेल, तर लिनक्स त्या कामाला उपयोगी पडणार नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे टोकनच्या विक्रेत्याला विचारावे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील फाइली विंडोज चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात, नाहीतर त्या उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसतात.

प्रत्यक्ष बसवणी सोपी आहे. चार्जर लावून ठेवावा, डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर दोनदा टिचकी द्यावी आणि मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-चित्रफिती चालवण्यासाठी लागणाऱ्या घटकांच्या) चौकटीत खूण करावी. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर येथे एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाऊ शकते. तो कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच द्यावा लागतो. पुष्कळ जण तो निळा पडदा पाहून घाबरतात आणि पुढे जातात, मग ड्रायव्हर का चालत नाही याचा शोध घेत बसतात. डिस्क पूर्ण पुसण्याचा पर्याय निवडताना प्रगत सुविधांमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय मजकूर वाचता न येण्याची सोयही मिळते. लॅपटॉप रोज लोकलच्या गर्दीतून न्यायचा असेल, तर मी ते अवश्य घ्यायला सांगेन. मात्र तो पासवर्ड विसरल्यास आतला मजकूर कोणालाही परत मिळवता येत नाही.

बसवून झाल्यावर सर्वप्रथम सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये वेगवान वाटणारा जवळचा मिरर (अद्यतने पुरवणारा सर्व्हर) निवडावा, मग अपडेट मॅनेजर पूर्ण चालवावा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडून पाहावा. वायफाय चालत नसेल, तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की इंटरनेट बहुधा लगेच मिळते. यंत्रणेच्या स्थितीच्या नोंदी ठेवणारे टाइमशिफ्ट चालू करावे, म्हणजे एखादे अद्यतन बिघडले तर कालच्या स्थितीत परतता येते. ईएमएमसीवर अशा दोनपेक्षा जास्त नोंदी साठवू नयेत. लिब्रऑफिस हा कार्यालयीन कामाचा मोफत संच नवा असेल, तर पवईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतील मोफत पाठ पाहावेत.

मराठी टंकलेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमधील लेआउटच्या यादीत ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ जोडावे आणि भाषा बदलण्यासाठी एखादी कळजोडी ठरवावी. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य लिहिताना शिफ्टसह जे, मग डी आणि मग तिरकी रेघ दाबावी, साधा र घेतल्यास रफार उमटतो. लिब्रऑफिसमध्ये भाषांच्या पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करावे आणि तेथील भाषा मराठी ठेवावी. इंग्रजी आणि देवनागरी मजकुराचे फाँट तेथे स्वतंत्रपणे नोंदले जातात, म्हणून परिच्छेदाच्या शैलीत देवनागरीसाठी नोटो किंवा लोहित फाँट वेगळा निवडून त्याचा आकारही तेथेच ठरवावा.