तारली, पेडवे की मांदेली? ओळखताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडे समुद्राची मासळी बरीचशी रत्नागिरीहून आंबा घाट चढून येते, कराड-साताऱ्याकडे चिपळूणवरून कुंभार्लीमार्गे. बर्फात दबून आलेल्या पाटीत तीन-चार जातींची बारीक चंदेरी मासळी मिसळली की सगळ्याचीच ‘तारली’ होते. भाव तोच लागत असेल तर विकणारा तरी कशाला वेगळं करत बसेल?

पहिली चूक रंगावर विसंबण्याची. ताज्या तारलीच्या कल्ल्यामागे फिकट सोनेरी ठिपका असतो आणि कल्ल्याच्या झाकणाच्या कडेला काळा. बर्फात सोनेरी रंग उडतो, खवले तर हात लावताच निघतात. त्यामुळे घाटावर मासा आकारावरून ओळखावा.

खरा घोळ तारली आणि पेडवे यांत होतो. दोन्ही एकाच कुळातले. तारलीचं अंग गोलसर लांबट, आणि डोकं मोठं: शेपूट सोडून मोजलं तर अंगाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढं. पेडवे दोन्ही बाजूंनी चपटे, पोटाची कड धारदार, आणि पाठीवरचा पर जिथे सुरू होतो तिथे बहुधा काळा डाग. तरीही शंका राहिली तर पोटाखालच्या जोडपरांपैकी एक टाचणीने पसरून त्यातल्या काड्या, म्हणजे पराला ताठ ठेवणाऱ्या बारीक रेषा, मोजा. तारलीला 9, नेहमीच्या पेडव्यांना 8. बाजारात उभं राहून हे कोणी करणार नाही, पण घरी परातीत सहज जमतं.

बारक्या माशाला तारलीचं पिल्लू समजणं ही दुसरी चूक. पेडवे पूर्ण वाढूनही लहानच दिसतात. लांबीवरून जात ठरत नाही.

मांदेली खरं तर चुकायला नको. अंग मागे निमुळतं होत जातं, पोटाखालचा लांबलचक पर थेट शेपटीला भिडतो, खालच्या बाजूला मोत्यासारख्या ठिपक्यांच्या ओळी. तिच्याच नात्यातल्या काटी नावाच्या माशाची शेपूट मात्र दुभंगलेली, म्हणून तिची तारलीशी गल्लत होते. तोंड बघा. काटीचं नाक पुढे आलेलं आणि जबडा डोळ्याच्याही मागे फाटलेला. तारलीचं तोंड लहान, अगदी टोकाला.

आपल्याकडची खास चूक म्हणजे कृष्णा-वारणेतली बारीक चंदेरी मासळी समुद्राची म्हणून घेणं. नदीच्या त्या माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत खाली झुकलेली बारीक रेघ असते. तारलीला, पेडव्याला ती नसते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ‘आजचीच तारली’ म्हणून पुढे आलेला वाटा नीट बघूनच घ्या.

आणि हे सगळं मासा साफ करायला देण्याआधी. डोकं, पर आणि पोट गेलं की ओळखायला काही उरत नाही.